व्यक्ती तितक्या प्रकृती : एचआयव्ही आणि आपली जनुके

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी आम्ही हा विषय का निवडला, असा प्रश्न कार्यक्रमपत्रिका पाहून काहींच्या मनात आला असेल. कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सभासदांनी तर "जरा हलका विषय सुचला नाही का?" असे आम्हांला प्रेमाने विचारलेही. नाट्यगीतांची मैफल आणि पुरणपोळीचे जेवण यांच्यामध्ये एचआयव्हीला बसविणे अवघड आहे, हे आम्हांस मान्य आहे. तरीपण ज्या गोष्टीचे नावही घरात काढावयाचे नाही असे आपण ठरवितो, तिच्याविषयीच सर्वांत अधिक निवाडे दिले जातात, आणि ते बहुधा चुकीचे असतात. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांत तर चार माणसे काय म्हणतील हा धाक दुप्पट असतो, कारण येथे मराठी माणसे असतात मोजकी, आणि ती सर्व एकमेकांना ओळखतात.

'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण आपण बहुतेक वेळा स्वभावासंबंधी वापरतो. पण ती देहालाही तितकीच लागू आहे. तापाची साथ आली म्हणजे एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावंडांपैकी एक अंथरूण धरतो आणि दुसरा अंगणात विटीदांडू खेळत असतो. आजी म्हणे, "त्याचा पिंडच वेगळा." आजीचे हे बोलणे विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगशाळेत पारखले गेले, आणि तेही एचआयव्हीसारख्या भयंकर विषाणूच्या बाबतीत. ती हकीकत आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. जून १९८१ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांच्या एका विलक्षण न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. एड्सची ती पहिली लेखी खूण. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने विषाणू वेगळा काढला. या कामासाठी दोघांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात मात्र १९८५ पर्यंत "हा आपला रोग नव्हे" अशीच समजूत होती. तिला धक्का दिला तो मद्रासमधील दोन स्त्रियांनी. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा करावयास सांगितले. ते नमुने वेल्लोरला नेऊन १९८६ च्या आरंभी तपासण्यात आले आणि सहा नमुन्यांत लागण आढळली. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. या सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबात त्या वाढल्या. अनेक भावांच्या पाठीवरची ही एकुलती एक बहीण. १९९३ साली त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढले आणि २०१५ साली निधन होईपर्यंत, ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते अशा रुग्णांसाठी त्या राबल्या. घरापासून दूर वाढलेल्या मराठी मुलीने देशाला आरसा दाखविला, हे आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून सांगताना आम्हांस संकोच वाटत नाही.

आता मूळ विषयाकडे येऊ. औषधोपचार नसता लागण झालेल्या माणसाला एड्सची अवस्था येण्यास सरासरीने दहा वर्षे लागतात. परंतु सरासरी ही मोठी फसवी गोष्ट आहे. कोणी दोन-तीन वर्षांतच खचतो. कोणी वीस वर्षे औषधावाचून धडधाकट राहतो. आणि विषाणूशी वारंवार संबंध येऊनही ज्यांना लागणच झाली नाही, असेही थोडे लोक आढळले. हा फरक कशाने पडतो?

न्यूयॉर्कमध्ये स्टीफन क्रोन नावाचे एक चित्रकार होते. १९८२ साली त्यांचे जिवलग सहचर या रोगाने गेले. त्यानंतर एकामागून एक मित्र गेले. आपलीही पाळी येणार असे धरून चाललेल्या क्रोन यांना काहीच होईना, तेव्हा "माझे रक्त तपासा" म्हणून ते स्वतःच संशोधकांच्या मागे लागले. आरन डायमंड एड्स संशोधन केंद्रात त्यांच्या श्वेतपेशी आणि विषाणू एकत्र ठेवले गेले. नेहमीच्या पेशींत जो विषाणू सहज शिरतो, तो यांच्या पेशींत शिरेना. मात्रा वाढवून पाहिली, तरी शिरेना.

याचे कारण समजण्यासाठी विषाणू पेशीत शिरतो कसा ते पाहिले पाहिजे. जुन्या वाड्याची कल्पना करा. विषाणूला प्रथम सीडी-४ नावाच्या प्रथिनाला धरावे लागते. तो जणू वाड्याचा उंबरठा. पण उंबरठ्यावर पाय ठेवला म्हणजे माजघरात प्रवेश मिळतोच असे नाही. आतल्या दाराची कडी काढावी लागते. ही कडी म्हणजे सीसीआर-५ नावाचे दुसरे प्रथिन, हे १९९६ च्या उन्हाळ्यात अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिले. विषाणूसाठी ही कडी कोणी बसविलेली नाही. शरीरात जेथे दाह असेल तेथे श्वेतपेशींना बोलावून नेणारे संदेश घेणे, हे तिचे खरे काम. विषाणूने तिचा गैरफायदा घेतला, एवढेच.

क्रोन यांच्या पेशींवर ही कडीच नव्हती. सीसीआर-५ बनविण्याची आज्ञा ज्या जनुकात लिहिलेली असते, त्यातील बत्तीस अक्षरे त्यांच्या बाबतीत गळालेली होती. जनुकाची लिपी तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचली जाते. 'गगन कमल पवन मदन नयन' ही ओळ घ्या आणि 'कमल' मधील शेवटची दोन अक्षरे पुसून पुन्हा तीन-तीन अक्षरांनी वाचा : 'गगन कपव नमद ननय न'. दोनच अक्षरे गेली, पण पुढचा सारा अर्थ गेला. बत्तीसला तीनाने भाग जात नाही, म्हणून येथेही तसेच होते. प्रथिन अर्धवट, वेडेवाकडे बनते आणि पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही. या फरकाला संशोधकांनी 'डेल्टा-३२' असे नाव दिले. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. दोन्ही प्रती अशा असतील तर कडी मुळीच नाही. एकच असेल तर कड्या कमी, आणि अशा माणसाला लागण होते खरी, पण रोग सरासरीने दोन-तीन वर्षे उशिरा बळावतो. त्याच वर्षी अमेरिकेत शेकडो लोकांच्या जनुकांची जी तपासणी झाली तिच्यात, लागण झालेल्या १,३४३ जणांपैकी एकाच्याही दोन्ही प्रती डेल्टा-३२ च्या नव्हत्या. विषाणूशी संबंध येऊनही लागण न झालेल्या ६१२ जणांत मात्र असे लोक सापडले. वैद्यकशास्त्रात इतका स्वच्छ हिशेब क्वचितच लागतो.

हे ऐकून आपल्यापैकी कोणाला हायसे वाटले असेल, तर त्याची निराशा करणे भाग आहे. डेल्टा-३२ हा मुख्यतः युरोपचा वारसा आहे. उत्तर युरोपात तो अधिक, दक्षिणेकडे यावे तसा कमी होत जातो. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरातून सुमारे एकाच्या दोन्ही प्रती अशा असतात. आफ्रिकेत व पूर्व आशियात तो जवळजवळ नाही, आणि भारतात अत्यंत विरळ आहे. "आमच्या घराण्याचे रक्तच निराळे" असे म्हणणारी माणसे प्रत्येक गावात भेटतात. कडी सर्वांच्या दाराला सारखीच बसविलेली आहे. कुळ, जात, देशस्थ, कोकणस्थ पाहून ती बदललेली नाही. युरोपात तरी हा फरक का पसरला, याविषयी प्लेगचा आणि देवीचा तर्क पूर्वी मोठ्या उत्साहाने मांडला गेला. पण प्राचीन हाडांतील जनुके वाचता येऊ लागल्यावर तो मध्ययुगीन साथींहून हजारो वर्षे जुना असल्याचे दिसून आले. शिवाय हा फुकटचा लाभ नव्हे. ज्यांना ही कडी नाही त्यांना पश्चिम नाइल विषाणूची बाधा अधिक त्रास देते, असे २००६ साली अमेरिकेतील संशोधनात आढळले. कडी काढून टाकली की पाहुण्यालाही आत घेता येत नाही.

या शोधाचे पुढे काय झाले? २००७ साली, म्हणजे अकरा वर्षांनी, ही कडी झाकून ठेवणारे माराव्हिरॉक हे औषध बाजारात आले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये टिमथी रे ब्राउन या रुग्णाला रक्ताच्या कर्करोगासाठी अस्थिमज्जेतील मूलपेशींचे रोपण करावयाचे होते. त्याला एचआयव्हीही होता. डॉ. गेरो ह्यूटर यांनी दाता निवडताना मुद्दाम डेल्टा-३२ च्या दोन्ही प्रती असलेला मनुष्य शोधला. रोपणानंतर ब्राउन एचआयव्हीमुक्त झाला. २०२० साली तो वारला तो कर्करोग उलटल्यामुळे. विषाणू परतला नव्हता. २०१९ साली लंडनच्या दुसऱ्या रुग्णाची अशीच वार्ता आली आणि मागाहून आणखी काही आल्या. वर्तमानपत्रांनी 'एड्सवर उपाय सापडला' असे मथळे दिले. पण अशा रोपणात जिवाला मोठा धोका असतो. कर्करोगासाठी ते अटळ झाले असेल तरच करावे. रोज एक गोळी घेऊन सुखाने जगणाऱ्या माणसाला त्या वाटेला नेणे हा उपचार नव्हे. चीनमध्ये २०१८ साली हे च्यानकुई या संशोधकाने तर गर्भातच या जनुकात कापाकापी करून जुळ्या मुली जन्मास घातल्याचे जाहीर केले. जगभर संताप उसळला आणि त्याला तुरुंगवास झाला. ज्या मुलींना पुढे साध्या सावधगिरीनेही सुरक्षित राहता आले असते, त्यांच्या जनुकांशी हा खेळ करण्याचे प्रयोजन आम्हांला अद्याप उमगलेले नाही.

आता युरोप-अमेरिका सोडून आफ्रिकेत जाऊ, कारण आमच्या मते या कथेतील सर्वांत विचार करावयास लावणारा भाग तेथे आहे. केनियातील नैरोबी शहरात पुमवानी ही गरिबांची वस्ती आहे. तेथील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या आरोग्यावर कॅनडाचे डॉ. फ्रँक प्लमर आणि नैरोबी विद्यापीठाचे संशोधक १९८० च्या दशकापासून लक्ष ठेवून होते. बहुसंख्य स्त्रियांना लागण झाली. पण वर्षानुवर्षे तोच व्यवसाय करूनही एक लहानसा गट कोराच राहिला. १९९६ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा सर्वांनी त्यांच्यात डेल्टा-३२ शोधला. तो नव्हता. त्यांच्या पेशींवर कड्या जशाच्या तशा होत्या. आढळले ते असे, की त्यांच्या रक्तात एचआयव्हीला ओळखणाऱ्या लढाऊ पेशी तयार होत्या. म्हणजे विषाणू दारापर्यंत आला होता आणि हाकलला गेला होता. त्याहून विस्मयाची गोष्ट पुढे कळली. यांतील काही स्त्रियांनी मध्यंतरी धंदा बंद ठेवला किंवा कमी केला आणि त्यानंतर त्यांना लागण झाली. पहारेकऱ्याला रोज चोर दिसत होता तोवर तो जागा होता, मग डुलकी लागली, असा संशोधकांचा तर्क आहे. यावरून एवढे कळते, की उपजत देणगी असली तरी ती दगडावर कोरलेली नसते.

या पहारेकऱ्यांची निवड कशी होते? येथे एचएलए नावाच्या रेणूंचा संबंध येतो. मूत्रपिंडाच्या रोपणाच्या वेळी "भावाचे जुळले", "बहिणीचे जुळले नाही" असे आपण ऐकतो, ते यांच्याविषयीच. सख्ख्या भावंडांत ते पूर्णपणे जुळण्याचा संभव चारांत एक असतो, इतके ते माणसागणिक वेगळे असतात. त्यांचे काम असे : प्रत्येक पेशी आपल्या आत काय शिजते आहे याचे तुकडे बाहेर मांडून दाखविते. हळदीकुंकवाला सुवासिनी तबक घेऊन उभी राहावी, तसा एचएलए रेणू तो तुकडा धरून उभा राहतो. पहारा देणाऱ्या पेशी येतात, तुकडा पाहतात; तो परका वाटला तर त्या पेशीचा नाश करतात. तबकाच्या खाचेचा आकार ज्याचा त्याचा वेगळा, म्हणून एकाच विषाणूचे निरनिराळे तुकडे निरनिराळ्या माणसांत दाखविले जातात.

एचआयव्ही तर बहुरूपी. पहारेकऱ्यांनी ओळखलेला भाग तो बदलून टाकतो आणि निसटतो. पण एचएलए-बी-५७ आणि बी-२७ या जातींची तबके विषाणूच्या गाभ्यातील असे तुकडे उचलतात, की ते बदलले तर विषाणू स्वतःच पंगू होतो. या जाती ज्यांना लाभल्या आहेत त्यांच्यापैकी अनेकांत विषाणू दीर्घकाळ दबून राहतो. उलट बी-३५ च्या काही जाती असल्यास रोग लवकर बळावतो. २०१० साली औषधावाचून विषाणूला काबूत ठेवणाऱ्या ९७४ जणांची संपूर्ण जनुकसंहिता २,६४८ इतर रुग्णांशी ताडून पाहण्यात आली. ज्या शेकडो जागी ठळक फरक दिसला त्या सर्व एचएलएच्याच परिसरात होत्या, आणि मुख्य भेद त्या खाचेतील थोड्याशा घटकांचा होता. असे आपणहून काबू ठेवणारे लोक शंभरात एकही नसतात, हेही लक्षात असू द्यावे.

बी-५७ च्या एका उपजातीची, म्हणजे बी-५७:०१ ची, दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अबाकावीर हे एचआयव्हीवरील एक चांगले औषध आहे. ते सुरू केल्यावर शंभरातून पाच ते आठ जणांना ताप, पुरळ, धाप लागणे असा विकार होई. औषध थांबवून पुन्हा दिले तर प्राणावर बेते. २००२ साली असे उघडकीस आले, की हा विकार होणाऱ्यांत ही उपजाती विशेष आढळते. जे तबक विषाणूला पकडते तेच या औषधाला धरून घरातल्यांनाच परके ठरविते. आता अबाकावीर देण्यापूर्वी ही तपासणी करतात, आणि तपासणीनंतर औषध दिले तर हा विकार जवळजवळ नाहीसा होतो, हे २००८ साली सिद्ध झाले आहे. ही उपजाती आपल्या लोकांतही आहे, त्यामुळे हा भाग आपल्यासाठी पुस्तकी नाही.

या सर्व ज्ञानाला मर्यादा आहेत. २००५ साली एका जनुकाच्या प्रती जितक्या अधिक तितके संरक्षण अधिक, असे मोठ्या आवाजात सांगितले गेले; चार वर्षांनी इतरांनी तपासले तेव्हा ते टिकले नाही. युरोपीय वंशाच्या रुग्णांत रक्तातील विषाणूच्या प्रमाणात जो फरक दिसतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा माणसाच्या जनुकांनी उलगडतो. बाकीचा विषाणूच्या जातीवर, वयावर, इतर आजारांवर आणि आम्हां वैद्यांना न आवडणाऱ्या 'योगायोग' या शब्दावर जातो. आणखी एक उणीव अशी, की यांतील बहुतेक संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले आहे. आफ्रिकी वंशाच्या सुमारे चार हजार लोकांची जनुके तपासली गेली तेव्हा विषाणूला आवर घालणारा एक निराळाच फरक हाती लागला, पण त्यासाठी २०२३ साल उजाडावे लागले. आपल्या देशात विषाणूची जातही वेगळी, 'सी' प्रकारची. आपल्या जनुकांत काय दडले आहे याचा शोध पुरतेपणी घेतला गेलेला नाही.

आता ज्यासाठी हा विषय निवडला तेथे येतो. पतीला लागण आहे आणि पत्नीला नाही, किंवा याच्या उलट, अशी जोडपी आमच्या पाहण्यात पुष्कळ आली. अशा वेळी घरची मंडळी आपापला निष्कर्ष काढून मोकळी होतात. सून वाचली तर "हिने त्याला दूर ठेवले असेल, म्हणून तो बाहेर गेला". सुनेला लागण झाली आणि मुलगा आधी वारला तर "हिच्याच पायगुणाने". रक्ताच्या एका चाचणीवरून माणसाचे चारित्र्य वाचण्याची ही विद्या कोणत्या ग्रंथात आहे, हे आम्हांस ठाऊक नाही. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या स्त्रियांची पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांत तेरा टक्क्यांहून अधिक जणींना लागण होती. त्या बहुतेक विवाहित होत्या आणि पतीवाचून त्यांचा कोणाशी संबंध नव्हता. त्यांचा दोष कोणता? आणि ज्या वाचल्या त्यांचे पुण्य कोणते? प्रत्येक संबंधात लागण होतेच असे नाही. पतीच्या रक्तात त्या काळात विषाणू किती होता, दुसरा गुप्तरोग होता की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असते; जनुकांचा वाटा असलाच तर त्यानंतरचा.

जे काम निसर्गाने युरोपातील शंभरातल्या एकासाठी केले, ते बरेचसे आता औषधाने होते. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर एक मोठी चाचणी झाली. तिची दोन केंद्रे आपल्या देशात होती, एक पुण्यात आणि एक चेन्नईत. २०११ साली निष्कर्ष हाती आला : लागण असलेल्या जोडीदाराला लवकर औषध सुरू केले तर त्याच्याकडून दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. विषाणू रक्तात सापडू नये इतका दबलेला असेल तर शरीरसंबंधातून तो पुढे जात नाही, हे त्यानंतरच्या अभ्यासांनी पक्के केले. भारतात सरकारी केंद्रांतून हे औषध २००४ पासून विनामूल्य मिळते.

भाषणापूर्वी एका गृहस्थांनी आमच्या हाती चिठ्ठी दिली, तिचे उत्तर देऊन थांबतो. त्यांनी विचारले आहे, "मुलांची लग्ने ठरविण्यापूर्वी त्यांची ही जनुके तपासून घ्यावीत काय?" मुळीच नको. डेल्टा-३२ आपल्यात सापडण्याचा संभव नगण्य. आणि सापडला तरी तो अभेद्य कवच नव्हे, कारण सीसीआर-५ ऐवजी दुसरीच कडी वापरणारे विषाणूही असतात. मुलगा आणि मुलगी दोघांच्याही संमतीने साधी एचआयव्ही चाचणी करावी. ती सरकारी केंद्रात फुकट होते, आणि तिचा निकाल गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे. जनुकाची जी एक तपासणी रोजच्या व्यवहारात खरोखर उपयोगी पडते ती बी-५७:०१ ची, आणि तीही डॉक्टर अबाकावीर लिहून देणार असतील तरच. आणखी चिठ्ठ्या असतील तर त्या द्याव्यात. चहापानानंतर आम्ही येथेच आहोत.